घरी अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करताना माईक कुठला, आणि ठेवायचा कुठे?

मुक्ततार

स्टील तारांची ड्रेडनॉट (मोठ्या पेटीची) गिटार, एक श्युअर एसएम५७ (वीज न लागणारा डायनॅमिक माईक) आणि दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारं यंत्र) एवढं साहित्य आहे. खोली ३ मीटर बाय ३.६ मीटर, छत २.८ मीटरवर. कॉम्प्युटरच्या टेबलासमोर बसून, माईक साउंडहोलच्या बरोबर समोर १० सेंमीवर ठेवला आहे.

अडचणी तीन. जी कॉर्ड वाजली की खर्ज एवढा घुमतो की बाकीच्या तारा बुडून जातात. वरच्या तारांना चमक नाही, आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. आणि बोटांनी हळू वाजवायचं म्हटलं तर गेन (माईकचा सिग्नल वाढवणारं बटण) शेवटपर्यंत फिरवावा लागतो, मग मागे सतत ‘सूं’ ऐकू येतं.

कंडेन्सर (विजेवर चालणारा, जास्त संवेदनशील माईक) घ्यायचा विचार आहे. छोट्या कॅप्सूलचा (आवाज झेलणाऱ्या आतल्या पडद्याचा) घ्यावा की मोठ्या? एक पुरेल की जोडी लागेल?

खर्जषड्ज

नवा माईक घ्यायच्या आधी आहे तो हलवा. पहिली तक्रार माईकची नाही, जागेची आहे.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर घुमतो, तसंच गिटारच्या पेटीतल्या हवेचं होतं. मोठ्या आकाराच्या गिटारमध्ये हा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो. सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी म्हणजे ९८ हर्ट्झ. म्हणून जी कॉर्डलाच पेटी उसळते, आणि ती हवा बाहेर पडते नेमकी साउंडहोलमधून. तिथेच तुमचा माईक आहे. भरीला, एका दिशेने ऐकणारा कोणताही माईक स्रोताच्या जवळ नेला की खालच्या स्वरांना आपणहून फुगवतो. म्हणजे फुगलेला खर्ज पुन्हा फुगतो आहे. इक्वलायझरने १०० हर्ट्झ कापलात तर जी बरा होईल, पण बाकीच्या कॉर्ड पोकळ होतील.

सुरुवातीची जागा: नेक जिथे पेटीला मिळते, म्हणजे १२व्या ते १४व्या फ्रेटच्या समोर. तारांपासून २५ ते ३० सेंमी. माईकचं तोंड त्या जोडाकडे, साउंडहोलकडे नाही. इथून पुढे पाच-पाच सेंमीने सरकवत जायचं. साउंडहोलकडे सरकलात तर खर्ज आणि भरीवपणा वाढेल. हेडस्टॉककडे गेलात तर आवाज सडपातळ होईल आणि डाव्या हाताची खसखस वाढेल. ब्रिजच्या मागच्या रुंद भागासमोर गेलात तर लाकडी, मधल्या पट्टीचा, थोडा नाकातला आवाज मिळेल. काही गिटारना तोच शोभतो.

जागा शोधायची जुनी आणि अजूनही सर्वांत चांगली पद्धत म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला बसवायचं, एक कान बोटाने बंद करायचा आणि उघडा कान गिटारसमोर फिरवायचा. जिथे आवाज आवडेल तिथे माईक. दोन्ही कान उघडे ठेवले तर मेंदू खोलीचा आवाज वजा करून ऐकतो, माईकला ते जमत नाही. एकटेच असाल तर बंद कपांचे हेडफोन घालून वाजवा आणि माईकऐवजी स्वतः खुर्चीसकट हला.

कॅप्सूल_वाचक

वरच्या प्रतिसादाशी सहमत. ‘सूं’चा प्रश्न मात्र खरोखर माईकचा आहे.

एसएम५७ची संवेदनशीलता पास्कलला (आवाजाच्या दाबाच्या एका एककाला) २ मिलिव्होल्टच्या आतच आहे. रोड एनटी५सारखा छोट्या कॅप्सूलचा कंडेन्सर पास्कलला १२ मिलिव्होल्ट देतो. हा फरक १६ ते १८ डीबीचा आहे, आणि तेवढा गेन तुमच्या इंटरफेसला जास्त द्यावा लागतो. हळू फिंगरपिकिंगला डायनॅमिक माईक ३० सेंमीवर ठेवला तर ६५ डीबीच्या आसपास गेन लागू शकतो. बऱ्याच छोट्या इंटरफेसचा गेन ५५-६० डीबीला संपतो आणि शेवटच्या टप्प्यातच त्यांचा स्वतःचा आवाज वर येतो. तुम्ही १० सेंमीपर्यंत जवळ का गेलात तेही यातूनच कळतं. जोरकस स्ट्रमिंग असेल तर एसएम५७ आजही चालेल. फिंगरपिकिंगला कंडेन्सर घ्या, किंवा डायनॅमिकच ठेवायचा असेल तर फँटम पॉवरवर (इंटरफेसमधून केबलवाटे मिळणाऱ्या ४८ व्होल्टवर) चालणारा, २०-२५ डीबी स्वच्छ गेन देणारा इनलाइन प्रीअँप (केबलच्या वाटेत बसणारा छोटा अँप) मध्ये लावा.

कंडेन्सर निवडताना माहितीपत्रकातला ‘सेल्फ नॉइज’चा, म्हणजे माईकच्या स्वतःच्या ‘सूं’चा, आकडा बघा. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० २० डीबी, रोड एनटी५ १६, न्यूमन केएम१८४ १३ आणि रोड एनटी१ ४.५. नायलॉन तारांच्या गिटारला किंवा हळुवार वाजवण्याला हा आकडा महत्त्वाचा. स्टीलच्या तारांवर पिकने स्ट्रमिंग करणार असाल तर १६ आणि ४.५ मधला फरक ऐकू येणार नाही, कारण खोलीचाच आवाज त्याहून बराच वर असतो.

छोटी कॅप्सूल की मोठी? छोटी कॅप्सूल बाजूने येणाऱ्या आवाजाचा रंग कमी बदलते. घरच्या खोलीत बराच आवाज बाजूनेच, भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे हा गुण कामाचा आहे. तारेवर पिक आपटते तो क्षणही ती नेमका पकडते. मोठ्या कॅप्सूलमध्ये मूळचा ‘सूं’ कमी आणि तोच माईक गाण्यालाही वापरता येतो. फक्त गिटारसाठी एकच घ्यायचा असेल तर माझं मत छोट्या कॅप्सूलच्या कार्डिऑइडला (मुख्यतः समोरून ऐकणाऱ्या माईकला).

भिंतकान

खोलीबद्दल कुणीच बोललेलं नाही, आणि माईकपेक्षा जास्त फरक तिथे पडतो.

तुमच्या खोलीचं घनफळ ३० घनमीटर. आवाज विरायला अर्धा सेकंद लागतो असं धरलं तर ज्या अंतरावर गिटारचा थेट आवाज आणि खोलीचा परतलेला आवाज सारखेच होतात, ते येतं साधारण ४४ सेंमी. कार्डिऑइड माईकला ते पावणेदोन पट, म्हणजे ७५ सेंमी. खोलीचा आवाज नको असेल तर याच्या निम्म्याच्या आत राहायला हवं. २५-३० सेंमीचा सल्ला घरच्या खोल्यांत चालतो तो म्हणूनच. मोठ्या स्टुडिओत मीटरभर लांब ठेवलेला माईक सुंदर वाटतो, तीच मांडणी बेडरूममध्ये केली की आवाज डब्यातून येतो.

आता टेबल. माईक टेबलाच्या वर २० सेंमी आणि गिटारही त्याच उंचीवर, मधलं अंतर ३० सेंमी असेल तर थेट आवाज ३० सेंमी चालतो आणि टेबलावर आपटून येणारा ५० सेंमी. फरक २० सेंमी, म्हणजे ०.५८ मिलिसेकंद. दोन्ही एकत्र आले की ८५० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो, मग त्याच्या तिप्पट, पाचपट ठिकाणी. टेबलाचा आवाज थेट आवाजापेक्षा फक्त साडेचार डीबी खाली असतो, त्यामुळे खड्डे चांगलेच खोल असतात. हाच तो पोकळ, नळीतून आल्यासारखा आवाज. इक्वलायझरने तो भरून निघत नाही. तेच उघड्या जमिनीचं गणित करा: गिटार आणि माईक दोन्ही ७० सेंमी उंचीवर असतील तर परतलेला आवाज साडेतेरा डीबी खाली असतो. त्रास होतो, पण कमी. खाली जाड सतरंजी किंवा गालिचा टाकला तर वरच्या पट्टीचं परावर्तन आणखी दबतं.

म्हणून खुर्ची टेबलापासून दूर न्या. खोलीच्या अगदी मध्यावर बसू नका, भिंतीला पाठ चिकटवूनही नाही. लांब भिंतीच्या साधारण एक तृतीयांशावर बसून बघा आणि तिथून इकडेतिकडे सरका. वाजवणाऱ्याच्या मागे, म्हणजे माईक ज्या दिशेला बघतो तिथे, मऊ आणि जाड काहीतरी हवं: कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, उभी केलेली गादी, किंवा भिंतीपासून १० सेंमी पुढे टांगलेल्या दोन जाड रजया. अंड्यांचे ट्रे आणि २ सेंमीचा फोम फक्त वरची पट्टी खातात. खोली मग मंदही वाटते आणि खाली घुमतच राहते.

मुक्ततार

खुर्ची हलवली, माईक १४व्या फ्रेटसमोर २५ सेंमीवर आणला. जीचा घुमारा गेला, पोकळपणाही बराच कमी. हळू वाजवताना ‘सूं’ आहेच, त्यामुळे छोट्या कॅप्सूलची जोडी घ्यावी असं वाटतं आहे. जोडी कशी मांडायची? आणि दोन माईकमधलं अंतर गिटारपासूनच्या अंतराच्या तिप्पट हवं असं वाचलं, ते एका गिटारवर जमणार कसं?

खर्जषड्ज

तीनास एकचा तो नियम दोन वेगवेगळ्या स्रोतांसाठी आहे. एक गिटार, दुसरा गाणारा, दोघांना आपापला माईक, तेव्हा एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये साडेनऊ डीबी खाली राहावा म्हणून. एकाच गिटारवर दोन माईक असताना तो लावायचा नसतो. इथे दोन्ही माईकमध्ये आवाज सारखाच जोरात येणार असतो, त्यामुळे बघायचं ते वेळेचं. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंमी जातो. एक माईक दुसऱ्यापेक्षा १७ सेंमी लांब असला की अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक पडतो, आणि दोन्ही मोनोत (एकाच चॅनलमध्ये) मिळवले की १००० हर्ट्झवर खड्डा.

सर्वांत निर्धोक मांडणी एक्सवाय. दोन्ही कॅप्सूल एकावर एक, जवळजवळ चिकटून, तोंडं ९० अंशांत. १२व्या फ्रेटसमोर ३० सेंमी. एक नेककडे बघतो, दुसरा ब्रिजकडे. दोघांना आवाज एकाच वेळी पोचतो, मोनोत काही बिघडत नाही. रुंदी मात्र माफक.

रुंदी हवी असेल तर एक माईक १२व्या फ्रेटसमोर आणि दुसरा ब्रिजच्या मागच्या रुंद भागासमोर, दोन्ही पेटीपासून सारख्याच २५-३० सेंमीवर. अंतर दोरीने मोजा, डोळ्याच्या अंदाजाने नाही. मग दोन्ही ट्रॅक मध्यावर आणून, म्हणजे मोनोत ऐका आणि एकाची पोलॅरिटी (लाटेचे चढउतार) उलटी करून बघा. ज्या स्थितीत खर्ज भरीव वाटेल ती बरोबर. दोन्ही स्थितींत आवाज सारखाच पातळ वाटला तर माईक हलवा, दोन-तीन सेंमीही पुरतात.

सहावी_घर

स्टिरिओबद्दल थोडं वेगळं मत. गाण्याच्या मागे साथीला गिटार असेल तर जोडीची गरजच नाही. तोच भाग एकाच माईकने दोनदा वाजवून घ्या, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. दोन वादनांतला बारीक फरकच रुंदी देतो, आणि दोन वेगळी वादनं असल्यामुळे पोकळ होण्याचा प्रश्न येत नाही. दुसऱ्यांदा कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वरच्या घरात तेच कॉर्ड धरले तर आणखी उघडं वाटतं: जी, सी, डीऐवजी ५व्या फ्रेटला कॅपो आणि डी, जी, ए. यात एक अडचण आहे. उजव्या हाताचा ठेका दोन्ही वेळा काटेकोर हवा, नाहीतर प्रत्येक ठोका फाटतो.

एकट्या गिटारचं वादन असेल तेव्हा जोडी. तिथेही दोन माईक पूर्ण डावी-उजवीकडे टाकू नका, एक गिटार खोलीएवढी रुंद ऐकू येते. ५०-६० टक्क्यांवर थांबा.

मंद्रमध्य

एक मांडणी राहिली, मिड-साइड. १२व्या फ्रेटकडे बघणारा एक कार्डिऑइड, आणि त्याला चिकटून आठच्या आकड्यासारख्या ग्रहणाचा एक माईक, ज्याच्या दोन बाजू डाव्या-उजव्या भिंतींकडे. सॉफ्टवेअरमध्ये: मिड मध्यावर ठेवा. साइडच्या ट्रॅकची प्रत काढा, मूळ ट्रॅक पूर्ण डावीकडे, प्रत पूर्ण उजवीकडे, प्रतीची पोलॅरिटी उलटी. दोघांची पातळी नेमकी सारखी ठेवून ती शून्यापासून हळूहळू वर आणा. रुंदी रेकॉर्डिंगनंतर ठरवता येते आणि मोनोत साइड पूर्ण रद्द होऊन मिड जसाच्या तसा उरतो. पण साइडचा माईक भिंतींकडेच बघत असतो, त्यामुळे खोली चांगली नसेल तर रुंदीबरोबर खोलीही वाढते. वर भिंतकान यांनी दिलेले उपाय झाल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नका.

पिकअपवाला

माझ्या गिटारला ब्रिजखाली पिएझो पिकअप (तारांचं कंपन थेट पकडणारा सेन्सर) आहे. माईक आणि पिकअप दोन्ही घेऊन मिसळावं का?

कॅप्सूल_वाचक

मिसळता येतं, पण पिकअपला प्रमुख करू नका. पिएझोचा आवाज तारेचा आहे, हवेचा नाही. तो टणक आणि रबरी असतो. माईक पूर्ण, पिकअप दहा-बारा डीबी खाली, असं मिसळलं तर स्ट्रमिंगला काठ येतो.

दोन गोष्टी जपा. पिकअप इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुटमध्येच लावा, जिथे इंपिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) १ मेगाओहम किंवा जास्त असतो. लाइन इनपुटला लावला तर खर्ज उडतो. आणि पिकअपचा सिग्नल लगेच पोचतो, तर ३० सेंमीवरच्या माईकला ०.८७ मिलिसेकंद उशीर होतो. ४८ किलोहर्ट्झला ते ४२ सॅम्पल. रेकॉर्डिंगमध्ये गिटारवर एकदा टकटक करून ठेवा, त्या टोकावरून पिकअपचा ट्रॅक तेवढा उशिरा येईल असा सरकवा आणि मग पोलॅरिटी तपासा.

भिंतकान

आवाजाच्या पातळीबद्दल थोडं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. सरासरी उणे १८च्या आसपास आणि सर्वांत जोरकस ठोका उणे १० ते उणे ६ डीबीएफएसवर (डिजिटल आवाजाची कमाल म्हणजे शून्य, त्याखालचे डीबी). २४ बिटमध्ये पातळी शून्याला टेकवायची काहीही गरज नाही. गेन ठरवताना गाण्यातला सर्वांत जोराचा भाग वाजवा, आणि प्रत्यक्ष वाजवताना माणूस तालमीपेक्षा जोरात वाजवतो हे धरून आणखी ३ डीबी खाली या.

फँटम पॉवर: आधी केबल जोडा, गेन खाली, मग ४८ व्होल्ट चालू, दहा सेकंद थांबा, मग गेन. काढताना उलटा क्रम. रिबन माईक असेल तर ४८ व्होल्ट बंदच ठेवा. केबलमध्ये दोष असला तर आतली धातूची पट्टी (रिबन) जाऊ शकते.

घोंघावणारा पंखा, फ्रिज, लॅपटॉप यांच्याकडे माईकची पाठ करा. कार्डिऑइड सर्वांत बहिरा असतो तो बरोबर मागे. बाजूने तो फक्त ६ डीबी कमी ऐकतो. लॅपटॉप चार्जरवर असताना बारीक किणकिण येत असेल तर चार्जर काढून बघा. ५० हर्ट्झची गुणगुण असेल तर केबल आणि तिचा विजेच्या तारांशी समांतर प्रवास तपासा.

सहावी_घर

आणि माईकच्या आधी गिटार. गंजलेल्या तारांना कोणताही कंडेन्सर चमक देत नाही, उलट त्यांचा मेलेला आवाज जास्त स्पष्ट दाखवतो. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तारा बदला, ताणा, तासभर वाजवा. अगदी कोऱ्या तारांवर बोटांची कर्कश चिरचिर जास्त येते, ती एका दिवसात बसते. स्ट्रमिंगला ०.६ ते ०.७३ मिमीचा पिक, त्याची टकटक माईकला जास्त वाटली तर जाड घ्या आणि हात सैल ठेवा. प्रत्येक टेकआधी सूर जुळवा, कॅपो लावल्यावर पुन्हा जुळवा.

शर्टाची बटणं, मनगटावरचं घड्याळ, करकरणारी खुर्ची, नाकाने घेतलेला श्वास, हे सगळं २५ सेंमीवरून ऐकू येतं. क्लिक (ठेका धरायला लावलेली टकटक) हेडफोनमधून गळतो, विशेषतः शेवटची कॉर्ड विरत असताना. बंद कपांचे हेडफोन घ्या, क्लिकचा आवाज तीक्ष्ण न ठेवता लाकडी ठेवा, आणि शेवटच्या मात्रेनंतर क्लिक आपोआप बंद होईल अशी सोय करा.

पिकअपवाला

गाणं आणि गिटार एकाच वेळी घ्यायचं असेल तर? वेगवेगळं घेतलं की गाण्यातला जीव जातो.

मंद्रमध्य

दोन्ही माईक आठच्या आकड्यासारख्या ग्रहणाचे असतील तर उत्तम. हे माईक ९० अंशांवर, म्हणजे बरोबर बाजूने, जवळजवळ बहिरे असतात. गिटारचा माईक असा वळवा की त्याची बहिरी बाजू तोंडाकडे येईल. गाण्याचा माईक असा की त्याची बहिरी बाजू साउंडहोलकडे येईल. दोन्ही माईक एकमेकांच्या जवळ ठेवले तर जो थोडा आवाज गळतो तोही जवळजवळ एकाच वेळी पोचतो. वळवताना हेडफोनमध्ये फक्त गिटारचा माईक ऐका आणि एक सूर गात राहा. जिथे गळा सर्वांत खाली जाईल तिथे स्टँडची चावी आवळा. एवढं केल्यावर दोघांतला फरक १५ डीबीच्या पुढे सहज जातो. मात्र या माईकना मागचीही बाजू तेवढीच ऐकू येते, म्हणून मागे रजई हवीच.

फक्त कार्डिऑइड असतील तर गिटारचा माईक हनुवटीच्या खाली, थोडा पुढे, तोंड खाली गिटारकडे, म्हणजे तुमचं तोंड त्याच्या पाठीशी येईल. गाण्याचा माईक ओठांपासून १५ सेंमीवर, किंचित खालून वर बघणारा, म्हणजे गिटार त्याच्या पाठीशी. दोन माईकमध्ये ४५ सेंमी मिळत असेल तर ठेवा, इथे तो तीनास एकचा नियम खरोखर लागू पडतो. यात गळती राहणारच, त्यामुळे नंतर गाण्यावर सूर सुधारणारं सॉफ्टवेअर लावू नका, गळलेली गिटारही त्याबरोबर बेसूर होते.

मुक्ततार

शेवटचा प्रश्न. दोन जागांत निवड करताना दर वेळी दुसरीच बरी वाटते. तुलना करायची कशी?

खर्जषड्ज

प्रत्येक जागेला तेच २० सेकंदांचं वादन घ्या: चार मात्रा जोरकस स्ट्रमिंग, चार मात्रा बोटांनी, शेवटी मोकळी जी कॉर्ड विरेपर्यंत. ट्रॅकच्या नावातच जागा लिहा, ‘फ्रेट१४_२५सेंमी’ अशी. ऐकण्याआधी सगळ्यांची पातळी सारखी करा, कारण एक डीबी मोठा आवाजही चांगलाच वाटतो. इक्वलायझर, रिव्हर्ब काही लावू नका. गाण्यात वापरायची असेल तर गाण्याबरोबर ऐका. एकटी ऐकताना भरीव वाटणारी गिटार गळ्याखाली अनेकदा जड होते, तिथे ७०-८० हर्ट्झच्या खालचं कापावं लागतं. सहावी तार डीवर उतरवली असेल तर तिचा सूर ७३ हर्ट्झचा आहे, मग ६०च्या वर जाऊ नका.

जागा ठरली की स्टँडचे पाय आणि खुर्चीचे पाय जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवा, आणि माईकपासून १४व्या फ्रेटपर्यंतच्या लांबीची दोरी स्टँडलाच बांधून ठेवा.